व्हिएतनामला जाताय? थोडं हे ऐकून जा

यंदा आमच्या नात्यागोत्यातली तीन कुटुंबं व्हिएतनामला निघाली आहेत. पूर्वी लोक सिंगापूर-बँकॉक करायचे. आता मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, पाचेक तासांचा प्रवास, खर्चही त्या मानाने आवाक्यातला. मी २०२३ मध्ये जाऊन आले हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे फोन सुरू झाले. "मावशी, कपडे कसले नेऊ?" "काकू, जेवणाचे हाल होतात का हो?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

ट्रॅव्हल कंपन्या जो माहितीचा कागद देतात तो वाईट नसतो. आम्हाला मिळालेला चांगला चार पानी होता. औषधं कोणती, बॅगेचं वजन किती, खाकरे किती पाकिटं, टोपी, छत्री, चार्जर... सगळं होतं. ज्या देशात आपण जाणार त्याच्याविषयी मात्र एकच ओळ होती : "निसर्गरम्य व स्वस्त खरेदीसाठी प्रसिद्ध." बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला अशी ओळ वाचून काय होत असेल, ते माझ्या सहकारी मंडळींना सांगायला नको. :)

आधी कामाचं पटापट सांगते. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. घड्याळ दीड तास पुढे करा. देश आकाराने आपल्या महाराष्ट्राहून थोडासाच मोठा, पण उभा आणि चिंचोळा. उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर, आणि मध्ये एके ठिकाणी रुंदी जेमतेम पन्नास. त्यामुळे जानेवारीत हनोईला स्वेटर लागतो आणि त्याच दिवशी दक्षिणेत घामाच्या धारा. बॅग त्या हिशोबाने भरा. चलन डोंग. एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही लक्षाधीश. पाच लाखांची नोट निळी आहे आणि वीस हजारांचीही निळी. एक साधारण सोळा-सतराशे रुपयांची, दुसरी सत्तरच्या आतली. नोट देताना शून्यं मोजा, रंग पाहू नका. रस्ता ओलांडताना मोटरसायकलींचा लोंढा थांबायची वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल. हळूहळू, एका चालीने चालत राहायचं. ते लोक तुमच्या बाजूने वळसा घेतात. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मध्येच "अगंबाई" म्हणून मागे तर मुळीच फिरायचं नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

तिथे कोणीही, अगदी दुकानातली मुलगीसुद्धा, तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत वय विचारेल. आमच्या गटातल्या एक बाई भलत्याच रागावल्या होत्या. पण तो भोचकपणा नव्हे. वय कळल्याशिवाय त्यांना तुमच्याशी बोलताच येत नाही! त्यांच्या भाषेत रोजच्या बोलण्यात 'तू' आणि 'मी' असे सुटे शब्द फारसे चालत नाहीत. नात्याचे शब्दच सर्वनाम म्हणून वापरतात. थोरल्या भावाच्या वयाचा पुरुष असेल तर 'आन्', थोरल्या बहिणीच्या वयाची बाई 'ची', धाकटं कोणीही 'एम', आजीच्या वयाची 'बा'. आणि बोलणारा स्वतःलाही त्याच नात्याने म्हणतो. आपण नातवाला "थांब हं, आजी देते तुला" असं म्हणतो ना, अगदी तसं. फक्त आपण ते लहान मुलांशीच बोलतो, ते सगळ्यांशी बोलतात. भाजीवालीशी, पोलिसाशी, ऑफिसातल्या साहेबाशी.

वडिलांच्या थोरल्या भावाला 'बाक' आणि धाकट्याला 'चू' असे वेगळे शब्द आहेत. हो ची मिन्ह यांना सारा देश 'बाक हो' म्हणतो. इंग्रजीत त्याचं 'अंकल हो' होतं आणि सगळी गंमत जाते. वडिलांपेक्षाही मोठा तो काका, त्याचा मान त्या शब्दात आहे. आपण 'चुलते' आणि 'मामा' यांतला फरक इंग्रजीत सांगायला गेलो की जी पंचाईत होते, तीच.

मला आमचा गाइड पहिले दोन दिवस 'बा' म्हणत होता. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो 'को' म्हणायला लागला. 'को' म्हणजे आत्या, आणि 'को' म्हणजे शाळेतल्या बाई. शिक्षिकेचं वय कितीही झालं तरी ती 'को'च राहते म्हणे. त्यांच्याकडे २० नोव्हेंबरला शिक्षक दिन असतो, जुने विद्यार्थी फुलं घेऊन घरी जातात. (माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी तारीख लिहून ठेवायची गरज नाही, फोन केला तरी पुरे.)

उच्चारांच्या भानगडीत मात्र पडू नका. 'मा' हा एकच आवाज सहा सुरांत म्हटला की भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. कोणाच्या आईला घोडा म्हणून याल. हसून मान लववली की भागतं.

दुसरी गोष्ट रस्त्यांच्या पाट्या. त्यांची लिपी रोमन आहे, त्यामुळे वाचता येतात. कुठल्याही शहरात जा, तीच नावं पुन्हा पुन्हा दिसतील : हाय बा चुंग, चान हुंग दाओ, ले लोय, न्गुयेन ह्वे. आपल्याकडे गावोगावी टिळक रोड आणि शिवाजी चौक असतो तसं. ही नावं कोणाची ते चार ओळीत कळलं तर देश अर्धा कळला. 'हाय बा चुंग' म्हणजे चुंग घराण्यातल्या दोघी बहिणी. इसवी सन ४० मध्ये चिनी सत्तेविरुद्ध त्यांनी बंड केलं. चिनी राज्य तिथे जवळजवळ हजार वर्षं होतं. ते संपलं इ.स. ९३८ मध्ये. न्गो क्वेन नावाच्या सेनापतीने बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले, भरतीच्या पाण्यात ते झाकले गेले, शत्रूची जहाजं आत ओढून घेतली आणि ओहोटी लागल्यावर ती खांबांवर अडकली. साडेतीनशे वर्षांनी, १२८८ मध्ये, चान हुंग दाओने कुब्लाई खानाच्या मंगोल आरमाराची त्याच नदीत त्याच युक्तीने वाट लावली. ले लोयने पंधराव्या शतकात मिंग सैन्याला हाकललं. हनोईच्या मध्यावर जे सुंदर तळं आहे त्याचं नाव 'परत केलेल्या तलवारीचं तळं'. ले लोयला दैवी तलवार मिळाली होती, युद्ध संपल्यावर तळ्यातल्या कासवाने ती मागून घेतली अशी कथा. आपल्या भवानी तलवारीची आठवण कोणाला होणार नाही? आणि न्गुयेन ह्वेने १७८९ मध्ये ऐन त्यांच्या नववर्षाच्या सणात, 'तेत'मध्ये, चिनी छावणीवर छापा घातला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे फिरणारा तो निरोप. तुम्हाला प्रत्येकाला किमान तीनदा आला असेल. व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष (नाव कधीच लिहिलेलं नसतं) म्हणाले, आम्ही शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून अमेरिकेला हरवलं, आणि त्यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा' असं कोरलेलं आहे. आमच्या गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी हनोईत गाइडला विचारलंच, ती समाधी कुठे आहे? तो बिचारा गोंधळला. त्याने नाव कधी ऐकलंच नव्हतं.

हो ची मिन्ह यांचं शव काचेच्या पेटीत जतन केलेलं आहे. दहन करा अशी त्यांची इच्छा होती, ती मानली गेली नाही. त्या करड्या दगडाच्या इमारतीच्या दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढंच लिहिलेलं आहे. (आत जाताना गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढायची, फोटो नाही, बोलायचं नाही, हात खिशात घालायचे नाहीत. हे ट्रॅव्हल कंपनीच्या कागदात यायला हवं होतं.) दिएन बिएन फूला १९५४ मध्ये फ्रेंचांना हरवणारे सेनापती व्हो न्गुयेन झाप हे मुळात हनोईतल्या एका शाळेत इतिहासाचे मास्तर होते. मला ही गोष्ट त्या निरोपापेक्षा कितीतरी अधिक आवडते! २०१३ मध्ये १०२ वर्षांचे होऊन वारले. गनिमी कावा शिकायला त्या लोकांना सातासमुद्रापार जायची गरज नव्हती, त्यांच्या रस्त्यारस्त्यावर तो लिहिलेला आहे. आणि महाराजांचं मोठेपण कोणा परदेशी माणसाच्या प्रशस्तिपत्रावर अवलंबून आहे, असं आपल्याला का वाटावं? असो. हा विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो असं घरचे म्हणतात.

आता युद्धाविषयी. माझ्या वयाच्या लोकांना व्हिएतनाम हा शब्द आधी युद्ध म्हणूनच कळला. मी कॉलेजात होते तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रात सायगॉन, नापाम, बी-५२ हे शब्द असायचे. कलकत्त्यात तर अमेरिकन वकिलातीच्याच रस्त्याला हो ची मिन्ह यांचं नाव दिलं होतं. नेहरू १९५४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे फ्रेंच हनोईतून गेल्यावर लगेचच, तिथे जाऊन आले होते. १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. १९७९ च्या फेब्रुवारीत चीनने व्हिएतनामवर हल्ला केला तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनच्याच दौऱ्यावर होते, ते दौरा अर्धवट टाकून परत आले. हे सगळं तिथल्या जुन्या माणसांना आठवतं, आणि आपण भारतीय आहोत म्हटल्यावर त्यांचे चेहरे खुलतात.

पण माझ्या मुलांच्या पिढीला यातलं काही ठाऊक नाही, आणि दोष त्यांचा नाही. वर्गात शीतयुद्ध शिकवताना व्हिएतनामच्या वाट्याला एखादा परिच्छेद यायचा. म्हणून एवढं तरी लक्षात ठेवा. आपण ज्याला व्हिएतनाम युद्ध म्हणतो त्याला ते 'अमेरिकन युद्ध' म्हणतात. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. अमेरिकेचं लढाऊ सैन्य १९६५ मध्ये उतरलं, १९७३ मध्ये परत गेलं. ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेचे रणगाडे सायगॉनच्या राजवाड्याचं फाटक तोडून आत शिरले. अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांवर सैनिक मेले, त्यांचे सिनेमे आपण पाहिले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेला आकडा असा : नागरिक सुमारे वीस लाख, त्यांच्या बाजूचे लढवय्ये सुमारे अकरा लाख.

सायगॉनमध्ये (नाव १९७६ मध्ये बदललं, पण तिथे राहणारी माणसं अजून सायगॉनच म्हणतात) युद्धाचं संग्रहालय आहे. १९७५ मध्ये उघडलं तेव्हा नावात 'अमेरिका आणि तिच्या बाहुल्यांचे गुन्हे' असे शब्द होते. १९९० मध्ये नाव सौम्य केलं, १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरू झाले त्या वर्षी आणखी सौम्य. आता ते नुसतं 'युद्धाच्या अवशेषांचं संग्रहालय' आहे. आतले फोटो सौम्य नाहीत. एजंट ऑरेंज या विषारी फवाऱ्यामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचे फोटो आहेत. लहान नातवंडांना तिथे नेताना विचार करा, आणि नेलंत तर आधी सांगून न्या.

दुसऱ्या दिवशी कूचीची भुयारं दाखवतात. शहरापासून दीड-दोन तास. सुमारे अडीचशे किलोमीटरचं जाळं होतं, जमिनीखाली स्वयंपाकघरं, दवाखाने, झोपायच्या जागा. पर्यटकांसाठी काही भाग रुंद केलाय, तरी माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी वरच बसावं. तिथे बांबूचे अणकुचीदार सापळे मांडून ठेवलेत आणि थोडं पुढे पैसे देऊन खरी बंदूक चालवायची सोय आहे. फटाफट आवाज येत असतात. आमची मंडळी सापळ्यात पाय अडकल्याचा आविर्भाव करून फोटो काढत होती, हसत होती. मी कोणाला बोलले नाही, सहलीला आलेली माणसं. १९७२ च्या जूनमध्ये नापामने भाजलेली, अंगावर कपडे नसलेली मुलगी किंचाळत रस्त्याने पळतेय असा फोटो जगभर छापला गेला होता. तो मी तेव्हा पेपरात पाहिला होता. ते गाव, चांग बांग, त्याच रस्त्याला कूचीच्या पुढे आहे.

आमचा गाइड पंचेचाळिशीचा. भुयारांविषयी तो पाठ केल्यासारखं बोलत होता. आमच्यातल्या एकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "पण जिंकलात तुम्ही! अमेरिकेला हरवलंत!" तो हसला, काही बोलला नाही. दुपारी जेवणानंतर मी एकटीच सावलीत बसले होते, तो पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, "को, माझे वडील सायगॉनच्या सैन्यात होते." मग हळूहळू सांगितलं. वडिलांचा थोरला भाऊ, म्हणजे त्याचा बाक, १९५४ मध्ये फाळणी झाली तेव्हा उत्तरेत गेला. वडील दक्षिणेत राहिले आणि सैन्यात भरती झाले. १९७५ मध्ये थोरला भाऊ विजयी सैन्याबरोबर परत आला, आणि त्याच वर्षी धाकट्याला 'पुनर्शिक्षणा'च्या छावणीत नेलं. तीन वर्षांनी सुटले. नंतर दोघे भाऊ एकाच गल्लीत राहिले. बोलायचे का, मी विचारलं. "तेतला," तो म्हणाला. वर्षातून एकदा, आईच्या पाया पडायला दोघे एका खोलीत यायचे तेवढंच. आता दोघेही नाहीत. त्यांच्या घरी पूर्वजांचं जे देवघर असतं तिथे दोघांचे फोटो शेजारी शेजारी आहेत, सकाळी उदबत्ती त्याची बायको लावते.

उत्तरेच्या सैनिकांसाठी गावोगावी हुतात्म्यांच्या दफनभूमी आहेत, पांढऱ्या थडग्यांच्या रांगा बसमधून दिसतात. दक्षिणेच्या मेलेल्या सैनिकांना तो मान नाही. म्हणून कळकळीने सांगते, "तुम्ही जिंकलात" असं सरसकट कोणाला म्हणू नका. समोरचा कुठल्या घरातला आहे ते आपल्याला माहीत नसतं. आणि असले प्रश्न बसमध्ये, माइक त्याच्या हातात असताना तर विचारूच नका. तिथे एकाच पक्षाचं राज्य आहे. सगळ्यांसमोर त्याला जे सांगायचं ते तो सांगतोच. बाकीचं सांगावंसं वाटलं तर तो आपणहून पाण्याची बाटली घेऊन येईल.

आता थोडं आपल्या जिव्हाळ्याचं. दा नांगहून सत्तरेक किलोमीटरवर मी सन नावाची विटांच्या मंदिरांची जागा आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराचं, म्हणजे शंकराचं, देऊळ बांधलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत देवळं बांधली जात होती. संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं देऊळ कोसळलं. खड्डे अजून दिसतात, त्यांत गवत वाढलंय. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं, आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. हे ऐकून आमच्या गटाने "हर हर महादेव" केलं. करावं, हरकत नाही. पण ते गाइडच्या पूर्वजांचं देऊळ नव्हे, हेही ठाऊक असावं. ही देवळं चाम लोकांची, त्यांच्या चंपा राज्याची. उत्तरेकडून आलेल्या व्हिएतनामी राजांनी १४७१ मध्ये त्यांची राजधानी घेतली. राजधानीचं नाव विजय. उरलंसुरलं राज्य १८३२ मध्ये संपवलं, आणि त्या शेवटच्या राज्याचं नाव होतं पांडुरंग.

होय, पांडुरंग! त्याचाच अपभ्रंश होऊन आजचं फान रांग हे गाव. विठोबाशी त्याचा संबंध जोडून नवा निरोप कृपया कोणी तयार करू नका, तिथलं दैवत शंकर आहे. फान रांगजवळच्या टेकडीवरच्या पो क्लोंग गराय देवळात मुखलिंगाची पूजा आजही होते. चाम लोकही आहेत, पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यांच्यातले हिंदू स्वतःला 'बालामोन' म्हणवतात, म्हणजे आपला 'ब्राह्मण' शब्द, आणि गोमांस खात नाहीत. सहलवाले फान रांगला नेत नाहीत, कारण तिथे खरेदी नाही. मलाही जाता आलं नाही. ज्यांना स्वतंत्रपणे जायचंय त्यांनी जरूर जावं, आणि मला फोटो पाठवावेत.

राहता राहिलं जेवण, ज्यासाठी सगळ्यात जास्त फोन आले. शाकाहाराला तिथे 'चाय' म्हणतात. 'कोम चाय' अशी पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा, ते बौद्धांचं शुद्ध शाकाहारी जेवण. पौर्णिमेला आणि त्यांच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पुष्कळ लोक मांस-मासे सोडतात, त्या दिवशी या खानावळींत गर्दी असते. इतर ठिकाणी नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, माशाचा रस्सा चटणीसारखा सगळ्यात घातलेला असतो, तो वेगळा सांगून नको म्हणायचा. पण घोटाळा असा, की आपली माणसं सकाळी उठल्या उठल्या "चाय, चाय" करतात आणि तो पोरगा बिचारा भात आणि टोफू आणून ठेवतो. चहाला त्यांचा शब्द 'चा'. अगदी आपल्या आजीसारखा म्हणायचा, चा. फक्त त्यात दूध नसतं.